बुजरी भुरी : नवीन ससा घरात रुळावा आणि ठणठणीत राहावा म्हणून काय करावं?

पारिजातक (पुणे) | 4 ऑक्टोबर, रात्री 10:20

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाची बदली झाली आणि त्यांच्याकडची सशाची मादी आमच्याकडे आली. नाव भुरी. राखाडी रंग, वय साधारण दीड वर्ष, वजन पावणेदोन किलोच्या आसपास. आधीच्या घरी ती तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात असायची. खाणं म्हणजे गाजर, काकडी, पोळीचे तुकडे आणि दुकानातून आणलेलं रंगीबेरंगी दाण्यांचं पाकीट.

आम्ही तिला बाहेरच्या खोलीचा एक कोपरा मोकळा करून दिलाय. ती दिवसभर पुठ्ठ्याच्या खोक्यामागे भिंतीला चिकटून बसते, डोळे टक्क उघडे. कुणी वाकून बघितलं की मागचा पाय धाडकन आपटते. आम्ही झोपलो की मगच खाते. माझी लेक नऊ वर्षांची आहे, तिला भुरीला मांडीवर घ्यायची फार हौस, पण उचललं की भुरी जीव खाऊन लाथा झाडते.

तिला आपलंसं कसं वाटेल? खायला नक्की काय द्यावं? आणि दिवाळी तोंडावर आलीय, फटाक्यांचं काय? ज्यांच्या घरी ससे आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

लीड्सकर | 5 ऑक्टोबर, रात्री 1:05

पारिजातक ताई, पहिली गोष्ट म्हणजे उचलणं आजपासून बंद. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. त्याला जमिनीवरून वर उचलतं ते फक्त घार, नाहीतर कोल्हा. शिवाय त्याच्या मागच्या पायांत जबरदस्त ताकद असते आणि पाठीचा कणा नाजूक. हातात धरलेला ससा जोरात लाथ झाडतो तेव्हा त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. लेकीला हे स्पष्ट सांगा, नऊ वर्षांच्या मुलांना नीट समजतं.

तिला बसायला सांगा, तेही जमिनीवर, भुरीकडे पाठ किंवा कूस करून. हातात पुस्तक द्या. रोज संध्याकाळी एकाच वेळी बसायचं, कारण ससे दिवेलागणीला आणि पहाटे सर्वांत जागे असतात. पायाजवळ कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवायच्या आणि काही करायचं नाही. हात पुढे नाही, हाका नाहीत. पहिल्यांदा ती लांबूनच मान ताणून हुंगेल, मागचे पाय तसेच मागे रोवलेले. शरीर लांबट झालेलं दिसेल, म्हणजे पळायची तयारी ठेवून चौकशी चाललीय. तेव्हा हललात तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

सशाला दोन्ही बाजूंचं आणि डोक्यावरचंही दिसतं, पण अगदी नाकासमोरचं दिसत नाही. म्हणून हात समोरून नाकाशी नेऊ नका. बाजूने, तिच्या डोळ्यांना दिसेल असा न्या आणि कपाळावरून कानांच्या मुळाकडे कुरवाळा. हनुवटीखाली किंवा पोटाला हात नको.

आणि खोक्याला दोन दारं कापा. एकच दार असलं की सशाला आत कोंडल्यासारखं वाटतं. मागून पळायला वाट आहे हे कळलं की तो पुढून डोकावायचं धाडस करतो. आमच्या घरातल्या बुजऱ्या सशात या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच पडला नाही.

चाळकरीण | 5 ऑक्टोबर, सकाळी 9:40

दोन दारांच्या खोक्याला जोरदार अनुमोदन!

एक भर घालते. फरशी. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर सशाचे पाय सरकतात, कारण त्याच्या तळव्यांना कुत्र्यामांजरांसारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. फरशीवर यायला भुरी घाबरत असेल तर त्यामागे हेही कारण असू शकतं. खोक्यापासून पाण्यापर्यंत जुनी सतरंजी किंवा तागाचं पोतं अंथरून बघा. आमचा कापूस नावाचा ससा सतरंजीच्या कडेपर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. सतरंजी पुढे सरकवली की तोही पुढे. तारेच्या जाळीवर तर ठेवूच नका, तळवे सोलवटून जखमा होतात.

पशुवैद्यक | 5 ऑक्टोबर, दुपारी 2:15

मी व्यवसायाने पशुवैद्य आहे. खाण्याबद्दल लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या सशांचे बहुतेक आजार ताटातून सुरू झालेले असतात.

सशाचं मुख्य अन्न सुकं गवत. तिच्या स्वतःच्या आकाराएवढा ढीग रोज पुढ्यात हवा आणि तो कधीच संपता कामा नये. कारण दोन आहेत. एक, सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात आणि दाढाही वाढत राहतात. गवत आडवं रगडून चावताना त्या झिजतात, पोळी आणि दाणे खाताना झिजत नाहीत. मग दाढांना अणकुचीदार कडा येतात, जीभ-गाल कापले जातात आणि ससा खाणं सोडतो. दुसरं, त्याचं आतडं तंतूंच्या रेट्यावर चालतं. तंतू कमी आणि पिठूळ-गोड जास्त झालं की आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं गणित बिघडतं, गॅस धरतो, आतडं मंदावतं. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं पुढेच सरकावं लागतं.

पोळी, भात, बिस्किट, शेंगदाणे, रंगीत दाणे बंद. पण बंद करताना एका दिवसात नाही. आठवडा-दोन आठवड्यांत कमी करत आणा आणि त्या जागी गवत वाढवा. पालेभाजीत कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, थोडी मेथी. नवी भाजी एका वेळी एकच, तीही चिमूटभर. पालक कधीतरीच. गाजर हा खाऊ आहे, एखादी चकती पुरे. सशांसाठीच्या तंतुमय गोळ्या मिळाल्या तर तिच्या वजनाला दिवसाला एक-दोन मोठे चमचे. कांदा, लसूण, बटाट्याचे कोंब, कच्चं अळू आणि घरातला मनीप्लांट तिच्या तोंडापासून लांब. कण्हेर तर फारच विषारी.

पाणी बाटलीपेक्षा जड वाडग्यातून द्या. ससा वाडग्यातून जास्त पितो.

पारिजातक (पुणे) | 5 ऑक्टोबर, रात्री 9:30

मनापासून आभार! खोक्याला दुसरं दार कापलं, सतरंजीही घातली. डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. ती पहाटे मान खाली घालून स्वतःच्याच मागून काहीतरी खाताना दिसली. आधीच्या घरी यासाठी तिला ओरडत असत. हा आजार आहे का?

पशुवैद्यक | 5 ऑक्टोबर, रात्री 10:10

अजिबात ओरडू नका, ती अगदी बरोबर वागतेय. सशाच्या दोन तऱ्हेच्या लेंड्या असतात. कोरड्या गोल लेंड्या तुम्हाला दिसतात. दुसऱ्या मऊ, चकाकत्या, लहानशा घोसासारख्या, त्या ती थेट मागूनच तोंडात घेते. त्यात प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं असतात. पहिल्या फेरीत जे शोषलं गेलं नाही ते दुसऱ्या फेरीत मिळतं. हे घोस न खाता जमिनीवर चिरडलेले दिसू लागले तर मात्र सांगा. मग पाला-गोड जास्त होतंय, ती जाड झालीय किंवा पाठ दुखतेय म्हणून वाकता येत नाही, यांपैकी काहीतरी असतं.

हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं एक सांगतो. बुजरा ससा आजार लपवतो. जंगलात आजारी दिसणारा आधी मारला जातो, म्हणून तो शेवटपर्यंत गप्प बसतो. भुरी आधीच कोपऱ्यात बसणारी, मग कोपऱ्यात बसलीय म्हणून आजारी आहे हे तुम्हाला कसं कळणार? लेंड्यांवरून. रोज सकाळी झाडताना बघा. मोठ्या, एकसारख्या, सोनेरी-तपकिरी, दाबल्यावर भुसा निघणाऱ्या असतील तर पोट ठीक. लहान, काळ्या, वेड्यावाकड्या होत गेल्या तर खाणं कमी झालंय. केसांनी एकमेकींना जोडलेली माळ दिसली तर केस गळतायत, विंचरा आणि गवत वाढवा. आणि लेंड्या पडल्याच नाहीत, खाणंही बंद, असे दहा-बारा तास गेले तर सकाळची वाट बघू नका. रात्री डॉक्टर शोधा.

शेतकरी_खटाव | 6 ऑक्टोबर, सकाळी 6:50

गवताबद्दल. परदेशी टिमोथी गवताची पाकिटं फार महाग पडतात. आमच्याकडे मारवेल आणि पवना गवत फुलोऱ्याच्या आत कापून सावलीत वाळवतात, वास गोड येतो आणि हिरवटपणा टिकतो. हरळीही चालते. ओटचं वाळवलेलं गवत मिळालं तर उत्तम. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, खायला त्यात कस नाही. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात चुना म्हणजे कॅल्शियम फार. पिल्लांना चालतो. ज्वारीचे कोवळे कोंब कुठल्याच जनावराला घालू नका, त्यात सायनाइडचं विष तयार होतं. रस्त्याकडेचं गवतही नको, फवारणी झालीय की नाही ते कळत नाही.

माझाही एक प्रश्न आहे. ऊसतोडीच्या वेळी रानात सशाची पिल्लं सापडतात. पोरं घरी आणतात. ती पाळता येतात का?

लीड्सकर | 6 ऑक्टोबर, दुपारी 12:30

दादा, नको. रानातला ससा ही वेगळी जात आहे. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बीळ करून कळपाने राहणारा. त्याची पिल्लं उघडी-नागडी, डोळे मिटलेली जन्मतात. आपला रानससा बीळ करत नाही, गवतात दबून एकटा राहतो आणि त्याची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. आई दिवसभर जवळ नसते, अंधार पडला की येऊन दूध पाजते. म्हणजे पोरांना ती अनाथ वाटतात, पण नसतात. पुन्हा त्याच जागी, नाहीतर बांधाच्या गवतात अगदी जवळ ठेवून लांब व्हायचं.

माडांची_सावली (फोंडा) | 6 ऑक्टोबर, दुपारी 3:00

शिवाय रानसशाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, घरी ठेवणं गुन्हा ठरतो. पिल्लू जखमी असेल तर महाराष्ट्रात वनविभागाचा 1926 हा मदत क्रमांक आहे.

गवताबद्दल आमच्या दमट हवेतला अनुभव सांगते. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते आणि ती डोळ्यांना पटकन दिसत नाही. नाकाला कळते. कुबट वास आला की आख्खी पिशवी टाकायची, वरचं काढून खालचं वापरायचं नाही. तेच दिवस खरजेचे. नाकाच्या शेंड्यावर, कानांच्या कडांवर आणि नखांच्या मुळाशी पांढरट पिठूळ खपल्या दिसल्या तर खरूज समजा. माणसालाही खाज सुटते. कडुलिंबाचं तेल, हळद, जुनी मलमं यांत दिवस घालवू नका. ससा ते सगळं चाटतो. डॉक्टर वजनावर औषध देतात आणि बरं होतं.

पशुवैद्यक | 6 ऑक्टोबर, रात्री 8:45

फोंड्याच्या ताईंनी अगदी मोलाचं लिहिलंय. त्याला जोडून : कुत्र्याच्या गोचिड-पिसवांसाठीचे फिप्रोनिलचे थेंब सशाला घालू नका, ते जिवावर बेततं. अमोक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी प्रतिजैविकं तोंडावाटे दिली तर आतड्यातले जिवाणू मरून ससा दगावू शकतो. घरातल्या गोळ्या तर नकोच.

डॉक्टर आधीच शोधून ठेवा. फोनवर सरळ विचारा : सशांवर उपचार करता का, सशाची नसबंदी करता का, शस्त्रक्रियेआधी त्याला उपाशी ठेवायला सांगता का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो, रात्रभर’ असं आलं तर दुसरीकडे जा, कारण सशाला उपाशी ठेवायचं नसतं. शहरात कुणी सापडलं नाही तर पशुवैद्यक महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करा. परळ, शिरवळ, नागपूर ही महाविद्यालयं आहेतच.

भुरीच्या नसबंदीचा विचारही करा. मादीचं वय वाढलं की गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण सशांमध्ये खूप जास्त असतं. शिवाय नसबंदीनंतर चिडचिड आणि जागोजागी मुतणं कमी होतं.

वऱ्हाडी_ऊन (नागपूर) | 7 ऑक्टोबर, सकाळी 11:20

आमच्याकडे मे महिन्यात सशाला जगवणं हेच मोठं काम असतं. ससा घाम गाळत नाही, धापाही नीट टाकू शकत नाही. उष्णता बाहेर टाकायची ती कानांतून. तापमान 30 च्या वर गेलं की जपायचं. पाण्याची बाटली गोठवून, कापडात गुंडाळून खोक्याशेजारी ठेवते, तो स्वतःच येऊन तिला पाठ टेकतो. भिजवलेली शहाबादी फरशीही चालते. कान गरम लागले की ओल्या हाताने पुसायचे. अंगावर गार पाणी ओतायचं नाही, टबात तर मुळीच बुडवायचं नाही. कुलरचा झोत थेट अंगावर नको, पावसाळ्यात तर कुलरच नको, ओल वाढते. पुण्यात ऑक्टोबरचं ऊनही काही कमी नाही, दुपारी तिचा कोपरा कसा तापतो ते बघा.

आंघोळ घालू नये हेही लिहून ठेवते. ससा स्वतःला स्वच्छ ठेवतो, आंघोळीच्या धक्क्याने मेलेले ससे मी पाहिलेत.

पारिजातक (पुणे) | 19 ऑक्टोबर, रात्री 9:10

ताजी खबर! पोळी पूर्ण बंद झाली. सुरुवातीला गवताला तोंड लावत नव्हती. मग चाळकरीण ताईंनी निरोपातून सुचवल्याप्रमाणे मुतायच्या पसरट घमेल्यात खाली कागद, वर गवत घातलं. आता तिथेच बसून चावत असते आणि लेंड्याही बहुतेक तिथेच टाकते. लेंड्या टपोऱ्या झाल्यात.

लेक रोज संध्याकाळी जमिनीवर पुस्तक घेऊन बसते. काल भुरीने तिच्या गुडघ्याला हनुवटी घासली आणि पळून गेली. चावणार होती का?

लीड्सकर | 19 ऑक्टोबर, रात्री 11:50

वा! सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असते. ती ज्याला घासली ते आपल्या मुलखात जमा. लेकीचं अभिनंदन करा. आता तिने उलट हात लावायची घाई करू नये, एवढंच. पुढे कधी भुरी धावता धावता हवेत उडी मारून अंग पिळेल किंवा एकदम कुशीवर धप्पकन पडेल. त्या पडण्याने घाबरू नका, ती निर्धास्त झोप असते.

चाळकरीण | 28 ऑक्टोबर, सकाळी 10:00

दिवाळीसाठी : सर्वांत आतली खोली, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. खोकं, घमेलं, सतरंजी तीच, न धुतलेली, म्हणजे स्वतःचा वास राहतो. आजपासूनच तिथे हलवा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नको. पंखा चालू, रेडिओ हळू आवाजात. ती लपली तर ओढून काढून कुशीत घ्यायचं नाही, लपणं हाच तिचा आधार आहे. घरातलं कुणीतरी खोलीत नुसतं बसून राहा. उदबत्ती-धूप त्या खोलीत नको.

पारिजातक (पुणे) | 2 नोव्हेंबर, रात्री 12:35

तातडीचं. काल रात्री खाली खूप वेळ मोठे फटाके वाजले. आज दुपारपासून भुरीने काही खाल्लं नाही, कोथिंबीरही नाही. घमेल्यात दुपारनंतरची एकही लेंडी नाही. पाय पोटाखाली घेऊन आखडून बसलीय, दात करकर वाजतायत. सकाळपर्यंत थांबू का?

पशुवैद्यक | 2 नोव्हेंबर, रात्री 12:48

थांबू नका. कुरवाळताना दात हलके कुरकुरतात ते सुखाने, आखडून बसून जोरात करकरतात ते वेदनेने. आतडं मंदावलंय असंच वाटतं. आता कान हाताला गार लागतायत का बघा. लागत असतील तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा आणि तसंच टोपलीत घालून निघा. गवत सोबत घ्या. पोट फुगलेलं, टणक असेल तर जबरदस्तीने काही भरवू नका. डॉक्टरांना ‘बारा तासांपासून खाणं नाही, लेंडी नाही’ एवढंच पहिलं वाक्य सांगा.

पारिजातक (पुणे) | 3 नोव्हेंबर, संध्याकाळी 7:15

जवळच्या दवाखान्याने फक्त कुत्री-मांजरं बघतो म्हणून परत पाठवलं. पण तुम्ही सांगितल्यावर मी आधीच दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर घेऊन ठेवला होता, त्यांनी रात्री दोनला दार उघडलं. अंगाचं तापमान उतरून 37.6 अंशांवर आलं होतं, सशासाठी ते फार कमी. ऊब दिली, कातडीखाली सलाईन, वेदनाशामक, पोटात अडथळा नाही याची खात्री करून आतडं चालवणारं औषध. नंतर सिरिंजने पातळ केलेलं तंतुमय खाद्य थोडं थोडं भरवायला शिकवलं. काल संध्याकाळी पहिल्या चार लेंड्या पडल्या, बारीक, वाटाण्याच्या अर्ध्या. आम्ही सगळे घमेल्याभोवती बसून होतो. आज सकाळी तिने स्वतःहून गवताची काडी ओढली.

पशुवैद्यक | 3 नोव्हेंबर, रात्री 9:00

फार छान बातमी. वेदनाशामक सांगितलेले सगळे दिवस द्या, ती बरी दिसली म्हणून मध्येच सोडू नका. दुखत असेल तर ती पुन्हा खाणं टाकेल. सध्या पाला कमी, गवत भरपूर. महिन्याभराने दाढा तपासून घ्या. इतके दिवस पोळी-दाण्यांवर होती, नुसत्या भीतीने आतडं थांबलं की आधीच दाढ दुखत होती, हे बघायला हवं. पुढचे दात ओठ उचलले की दिसतात, दाढांसाठी डॉक्टरांना नळीतूनच बघावं लागतं.

पारिजातक (पुणे) | 1 डिसेंबर, रात्री 8:30

दाढा तपासल्या. खालच्या एका दाढेला आतून कड आली होती, ती घासून दिली. आता खाण्याचा वेग दुप्पट. नसबंदी जानेवारीत ठरलीय. लेकीचा हट्ट आहे की भुरीला सोबती आणावा. आणू का?

लीड्सकर | 1 डिसेंबर, रात्री 11:15

ससे मुळात जोडीने-कळपाने राहणारे, त्यामुळे कल्पना चांगली आहे. बुजरा ससा तर धीट सोबत्याला बघून धीट होतो. पण आणून थेट एकत्र सोडू नका, रक्त निघेपर्यंत भांडतात. भुरीची नसबंदी होऊन जखम पूर्ण भरू द्या. नसबंदी झालेला नर सर्वांत सोपा जमतो. मात्र नराची शस्त्रक्रिया झाल्यावरही चार ते सहा आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, तोवर वेगळं ठेवा. मधे जाळी, दोघांना एकमेकांचा वास येऊ दे, अधूनमधून दोघांची घमेली अदलाबदल करा. पहिली भेट दोघांनाही अनोळखी खोलीत, थोडा वेळ, तुमच्या डोळ्यांदेखत.

जागेचाही विचार करा. इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, ससा-कल्याण संस्था जोडीसाठी 3 मीटर बाय 2 मीटर मोकळी जागा आणि 1 मीटर उंची किमान धरतात, तीही चोवीस तास उपलब्ध.

चाळकरीण | 2 डिसेंबर, सकाळी 9:20

आणि दुकानातून महिन्याभराचं पिल्लू आणू नका. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली पिल्लं पोट बिघडून जातात. सोडून दिलेले मोठे ससे प्राणी-निवाऱ्यांत असतात, तिथे आधी विचारा. मुंबईत चौकशी करायची तर मला निरोप पाठवा.

शेतकरी_खटाव | 2 डिसेंबर, दुपारी 1:40

पारिजातक ताई, मारवेल कापून वाळवलंय. भाचा शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर एक पोतं पाठवतो. पत्ता निरोपात कळवा. पोतं जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी फळी टाका आणि तोंड उघडं ठेवा, म्हणजे ओल धरणार नाही.